ग्रेडिंगला पाठवलेले कार्ड ग्रेडशिवाय परत येते तेव्हा: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

पुण्यातील आम्ही दहा-बारा संग्राहक पोकेमॉनसारख्या खेळांची आणि खेळाडूंची आपापली संग्राह्य कार्डे एकाच पार्सलमधून अमेरिकेला ग्रेडिंगसाठी, म्हणजे अस्सलपणा आणि स्थिती तपासून १ ते १० मधला आकडा मिळवण्यासाठी, पाठवतो. पार्सलची बांधाबांध, याद्या आणि माल परत आल्यावरची वाटणी ही कामे बहुतेक वेळा माझ्याकडे असतात. जवळजवळ प्रत्येक खेपेत एक-दोन कार्डे स्लॅबमध्ये, म्हणजे लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, बंद होऊन न येता, पाठवली तशीच साध्या पाकिटात परत येतात आणि त्यांच्या मालकाचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे माझं कार्ड खोटं निघालं का?" बहुतेक वेळा त्याचे उत्तर असे असते, की तसे कोणीही म्हटलेले नाही; संस्थेने फक्त खात्री द्यायला नकार दिला आहे, आणि हा नकार कशामुळे आला हे घरच्या टेबलावर बऱ्याच अंशी शोधता येते. तो शोध मी ज्या क्रमाने घेतो, त्याच क्रमाने येथे लिहीत आहे. सुरुवातीला बिनखर्चाच्या तपासण्या आहेत, शेवटी उपकरणे लागणाऱ्या.

लक्षणे

सर्वांत सरळ लक्षण म्हणजे कार्ड स्लॅबशिवाय परत येते आणि सोबतच्या यादीत ग्रेडच्या रकान्यात आकड्याऐवजी एखादा संकेत छापलेला असतो. दुसऱ्या प्रकारात स्लॅब मिळतो, पण त्याच्या लेबलवर १ ते १० मधला आकडा नसून केवळ 'ऑथेंटिक' (अस्सल) किंवा 'ऑथेंटिक अल्टर्ड' (अस्सल, पण फेरफार केलेले) एवढेच शब्द असतात. तिसरे लक्षण मालकाला सर्वांत जास्त चिडवते: एका खेपेला 'आकार लहान' म्हणून नाकारलेले कार्ड पुढच्या खेपेला त्याच संस्थेकडून चांगला ग्रेड घेऊन येते. चौथे लक्षण एकट्या कार्डावर दिसत नाही, ते यादीवर दिसते. एकाच विक्रेत्याकडून घेतलेली, वेगवेगळ्या संचांतील तीन-चार कार्डे एकाच शेऱ्यासह परत आली असतील, तर दोष कार्डात शोधण्याआधी विक्रेत्याकडे पाहावे. माझ्या अनुभवात या चौथ्या लक्षणाने मला कधीच फसवलेले नाही.

आधी शेरा नीट वाचावा

या तपासणीला पैसा लागत नाही, आणि तरीही ती बहुतेक जण टाळतात. १९९१ साली सुरू झालेल्या पीएसए या अमेरिकी संस्थेचे संकेत या छंदात सर्वांच्या तोंडी आहेत, म्हणून त्यांचेच उदाहरण घेऊ. एन-१ म्हणजे कडा कापल्याचा पुरावा, एन-२ म्हणजे दुरुस्ती केल्याचा, एन-३ म्हणजे रंग भरल्याचा. एन-४ म्हणजे अस्सलपणाविषयी शंका. एन-५ हा कागदाच्या मूळ स्थितीत केलेल्या फेरफारासाठी, एन-६ किमान आकार न भरल्यास, एन-७ साफसफाईच्या खुणांसाठी, एन-८ कारखान्यातच तिरप्या किंवा चुकीच्या जागी झालेल्या कापणीसाठी आणि एन-९ हा 'असे कार्ड आम्ही ग्रेड करत नाही' हे सांगण्यासाठी आहे. यांशिवाय एन-० हा 'केवळ अस्सल, आकडा नाही' असे सांगणारा संकेत आहे.

या यादीत खोटेपणाचा थेट संशय केवळ एन-४ मध्ये आहे. बाकीच्या शेऱ्यांतील बहुतेक शेरे कार्ड अस्सल असू शकते हे गृहीत धरूनच दिलेले असतात. त्यातही एन-१ आणि एन-६ यांतला फरक समजून घेतला, की निम्मी चिंता मिटते. एन-१ मध्ये परीक्षकाला कापणीचा पुरावा दिसलेला असतो. एन-६ मध्ये तो दिसलेला नसतो. कार्ड कारखान्याच्या मापापेक्षा लहान आहे एवढेच दिसलेले असते, आणि ते कोणी घरी कापले की कारखान्याच्याच पात्याने लहान कापले, हे ठरवता न आल्यामुळे परीक्षक हात आखडता घेतो. पाकिटातून स्वतःच्या हाताने काढलेले कार्डही लहान भरू शकते, कारण कापणीत थोडा कमी-जास्तपणा असतोच. तिसऱ्या लक्षणाचे कारण हेच आहे. सीमारेषेवरचे माप एका परीक्षकाला खटकते, दुसऱ्याला खटकत नाही. एन-६ आलेले कार्ड पुन्हा एकदा पाठवणे मी योग्य मानतो. तिसऱ्यांदा पाठवणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढण्यासारखे आहे, कारण शुल्क आणि जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च पुन्हा आपल्याच खिशातून जातो.

ही संस्था असे कार्ड घेते का?

ही तपासणी फुकट आहे आणि खरे तर पार्सल बांधण्यापूर्वीच करायची आहे. ग्रेडिंग संस्था एखादे कार्ड अस्सल ठरवते ते त्याची तुलना खात्रीच्या नमुन्याशी करून: त्या संचाचा कागद कोणता, छपाई कशी, कडा कशा, मागील बाजूची छटा कोणती. तुलनेला नमुनाच नसेल, तर प्रामाणिक परीक्षकाकडे नकाराखेरीज काही उरत नाही. च्युइंगगम किंवा बिस्किटांच्या पुड्यांतून आपल्याकडे निघालेली जुनी क्रिकेटची चित्रे लोक हौसेने पाठवतात आणि ती एन-९ सारखा शेरा घेऊन परत येतात, त्यामागे हेच कारण असते. चित्र अस्सल असते, घरातल्या ट्रंकेत तीस वर्षे पडलेले असते, पण तिकडे त्याची नोंद नसते. जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी पत्र्यासारखी पोकेमॉन कार्डे हा वेगळा प्रकार आहे. ती परवान्याशिवाय बनवलेली असतात. एखाद्या मुलाचे मन मोडू नये म्हणून तीही पार्सलमध्ये घालण्याचा आग्रह मला झालेला आहे, आणि मी प्रत्येक वेळी नकार दिला आहे.

मोठ्या पत्र्यावरून, म्हणजे न कापलेल्या छापील शीटवरून, नंतर कोणीतरी घरी कापून काढलेली कार्डेही न पाठवण्याच्याच गटात मोडतात. छपाई शंभर टक्के अस्सल असते, पण कापणी कारखान्याची नसते, त्यामुळे आकड्याचा ग्रेड मिळत नाही. जी कार्डे मुळातच खोक्यावरून कापून घेण्यासाठी छापली गेली, उदाहरणार्थ १९७० च्या दशकातील अमेरिकी होस्टेस केकच्या खोक्यांवरील बेसबॉल कार्डे, त्यांना हा नियम लागत नाही. तेथे भोवतीची छापील तुटक रेषा शाबूत आहे का, हे पाहिले जाते.

बाजारात येण्यापूर्वी चाचणीसाठी बनवलेल्या नमुना-कार्डांच्या (प्रोटोटाइप) बाबतीत तर नकाराची कारणे आणखी खोल आहेत. पोकेमॉन खेळाच्या जन्मकाळातली, म्हणजे १९९६ च्या सुमाराची, म्हणून गणली गेलेली काही नमुना-कार्डे सीजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग संस्थेने प्रमाणित केली होती. २०२५ च्या सुरुवातीला संग्राहकांनी त्यांपैकी काहींवर रंगीत प्रिंटर गुपचूप उमटवतात ते फिकट पिवळे ठिपके शोधले आणि त्यांतून छपाईचे वर्ष २०२४ असे वाचले. हे घडल्यानंतर दुर्मीळ नमुन्याला कोणी 'आम्ही खात्री देऊ शकत नाही' असे म्हटले, तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

उघड्या डोळ्यांनी, शेजारी साधे कार्ड ठेवून

पुढील सर्व तपासण्यांसाठी एकच वस्तू अत्यावश्यक आहे: त्याच संचातील, त्याच वर्षातील, खात्रीचे, अगदी कवडीमोल असे साधे कार्ड. महागड्या कार्डाची तुलना इंटरनेटवरील छायाचित्राशी करू नये, कारण मोबाइलचा पडदा रंग आपल्या मर्जीने दाखवतो. साधे कार्ड हातात असले, की मागील बाजूची निळी छटा, अक्षरांचा जाडपणा आणि पृष्ठभागाची चमक यांतील फरक खिडकीच्या उजेडात दोन मिनिटांत कळतो. पोकेमॉनच्या नकली कार्डांत तर नावातील 'ई'वरची तिरपी रेघ गायब असणे, ऊर्जेची चिन्हे सुजल्यासारखी दिसणे असे ढोबळ दोष आजही सापडतात.

मात्र सर्वांत जास्त फसवणूक होते ती पूर्ण खोट्या कार्डात नव्हे, तर अस्सल कार्डावर केलेल्या एखाद्या छोट्या भरीत. नाशिकच्या एका मित्राने विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९९ साली इंग्रजीत आणलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या संचातील चारिझार्ड 'फर्स्ट एडिशन' शिक्क्यासह विकत घेतला होता. कार्ड जुने होते, कागद बरोबर होता, होलोचा चमकदार नमुनाही बरोबर होता. मी त्याला चित्राच्या चौकटीची उजवी आणि खालची कड पाहायला सांगितली. तेथे करडी सावली होती. त्या संचाच्या पहिल्या आवृत्तीत चौकटीला सावली नाही. सावली नंतरच्या छपाईत आली. म्हणजे नंतरच्या छपाईचे खरे कार्ड घेऊन कोणीतरी त्यावर शिक्का उमटवला होता. तो काही क्षण गप्प बसला आणि मग म्हणाला, "अरे, पण माझ्या माचॅम्पवर पण शिक्का आहे आणि सावली पण आहे!" तेही खरे होते. माचॅम्प हे कार्ड दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या डेकमधून येत असे आणि ते पुढेही शिक्क्यासहच छापले जात राहिले, त्यामुळे सावली आणि शिक्का एकत्र असूनही ते अस्सल असते. एका कार्डाचा नियम दुसऱ्याला डोळे झाकून लावता येत नाही, म्हणून संचाचा इतिहास वाचणे ही तपासणीचीच एक पायरी समजावी.

मोजमाप

स्टेशनरीच्या दुकानातील प्लास्टिकची पट्टी या कामाला चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर पुरतो. त्याचे जबडे कार्डाच्या कडेला हलकेच टेकवावेत, दाबू नयेत, नाहीतर तपासणीनेच कडेवर खाच पडते. पोकेमॉन आणि मॅजिक या कार्डांच्या खेळांची कार्डे साधारण ६३ × ८८ मिलिमीटर असतात, यु-गी-ओ या तशाच खेळाची ५९ × ८६ मिलिमीटर, आणि अमेरिकी क्रीडा कार्डांचे आजचे प्रचलित माप अडीच × साडेतीन इंच आहे. जुन्या कार्डांत मापे बदलत गेली आहेत आणि या बदलातच एक उत्तम चाचणी लपलेली आहे. टॉप्स या अमेरिकी कंपनीची १९५२ ते १९५६ मधील बेसबॉल कार्डे मोठी, म्हणजे २ ५/८ × ३ ३/४ इंचांची होती, तर टॉप्सनेच १९८३ साली काढलेला १९५२ च्या संचाचा पुनर्मुद्रित संच आजच्या लहान मापाचा आहे. मागच्या बाजूवरील 'रीप्रिंट' हा शब्द कोणी खरवडून काढू शकेल, पण हरवलेली लांबी परत आणता येणार नाही.

माप तीन ठिकाणी घ्यावे: दोन्ही टोकांना आणि मध्यभागी. घरी पट्टी धरून कापलेल्या कडेत मधोमध किंचित आत गेलेली कमान पुष्कळदा सापडते, किंवा एका टोकाला माप पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला कमी असते. यानंतर संशयित कार्ड त्याच संचातील आठ-दहा साध्या कार्डांच्या मध्ये घालून गठ्ठा टेबलावर हलकेच ठोकावा आणि डोळा कडेच्या पातळीवर आणून पाहावे. गठ्ठ्यात एक रेघ आत गेलेली दिसली, तर ते कार्ड इतरांपेक्षा लहान आहे. कॅलिपर नसणाऱ्यांना एवढ्यावरही बरेच कळते.

आपल्या हवामानाविषयी येथेच सांगतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद ओलावा शोषून घेतो आणि होलो कार्डे धनुष्यासारखी वाकतात, कारण कागद फुगतो आणि चमकदार थर फुगत नाही. वाकलेल्या कार्डाचे माप चुकीचे येते. अशी कार्डे स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात काही दिवस ठेवावीत आणि मगच मोजावीत. इस्त्री फिरवून किंवा ओल्या फडक्याखाली दाबून ती सरळ करू नयेत. तसे केलेले कार्ड मी स्वतः पाहिले आहे: ते सपाट झाले होते, पण पृष्ठभागाची चमक एका पट्ट्यात मेली होती, आणि परीक्षकाने फेरफाराचा शेरा मारला तो अगदी रास्त होता.

कडा

नकारांचा सर्वांत मोठा वाटा कडांचा असतो असे माझे मत आहे, म्हणून येथे घाई करू नये. कड वाचायला मी शिकलो ते कार्डांवरून नाही. शनिवार पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका परिचितांच्या छापखान्यात. त्यांनी जाड आर्ट कार्डाचा चारेक इंचांचा गठ्ठा कटिंग मशीनखाली घातला, पाते खाली आले, आणि मधला एक कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "वरून नख फिरवा," ते म्हणाले, "आता उलटा करून फिरवा." वरच्या बाजूने नख गुळगुळीत सरकले, उलट्या बाजूने मात्र कडेवर अगदी बारीक, उभी राहिलेली किनार लागली. पाते वरून खाली जाताना वरची कड किंचित आत दबते आणि खालची बाहेर फाटते. पात्याची धार बोथट होत चालली, की कडेवर कागदाची लव सुटू लागते. त्यांनी मग एकच कागद घेऊन साध्या कटरने कापून दाखवला: ती कड चकचकीत, सरळ आणि लवरहित होती, जणू दुसऱ्याच कागदाची.

कार्डात नेमके हेच शोधायचे असते. कारखान्यात कापलेल्या कार्डाच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींसारख्या दिसतात, त्यांचा मळकटपणा सारखा असतो आणि दबलेली बाजू त्या संचातील इतर कार्डांशी जुळते. तीन कडा वयाने पिवळसर आणि चौथी पांढरीशुभ्र असेल, किंवा तीन बाजूंचे कोपरे झिजलेले आणि एका बाजूचे सुईसारखे टोकदार असतील, तर परीक्षकाने काय पाहिले असेल हे वेगळे सांगायला नको. मात्र 'स्वच्छ कड म्हणजे चांगली कड' हा समज सगळीकडे चालत नाही. कॅनडातील ओ-पी-ची या कंपनीची जुनी हॉकी कार्डे तारेने कापली जात असल्यामुळे त्यांच्या कडा खडबडीत असणे हेच स्वाभाविक आहे. हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीच्या १९७९-८० च्या पदार्पणाच्या कार्डाची चारही बाजूंनी गुळगुळीत प्रत समोर आली, तर आनंदाआधी शंका यावी.

संस्था कडांबाबत इतक्या कठोर का असतात, याचे उत्तर याच छंदाच्या इतिहासात आहे. पीएसएने पहिले ग्रेड केलेले कार्ड म्हणजे १९०९ ते १९११ दरम्यान तंबाखूच्या पाकिटांतून निघालेल्या टी-२०६ या संचातील बेसबॉलपटू होनस वॅगनर यांचे कार्ड. त्याला ८ हा ग्रेड मिळाला. ते वेन ग्रेट्स्की आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ साली ४,५१,००० डॉलरना घेतले होते, आणि २००७ साली त्याची किंमत २८ लाख डॉलरपर्यंत पोहोचली. लिलावगृहाचे मालक बिल मास्ट्रो यांनी पुढे २०१३ साली शिकागोच्या न्यायालयात कबूल केले, की विक्रीपूर्वी त्यांनी त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. २०१५ साली त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. ज्या धंद्याचा पहिलाच नमुना कापलेला निघाला, त्या धंद्यातील माणूस आपल्या कार्डाची कड दोनदा पाहणारच.

कडेवरचा रंगही येथेच तपासावा. टॉप्सची १९७१ ची बेसबॉल कार्डे आणि मॅजिकची कार्डे काळ्या किनारीची असल्यामुळे त्यांची झीज पांढऱ्या ठिपक्यांनी लगेच दिसते, आणि कोणीतरी ते ठिपके मार्करने बुजवतो. छापील काळा रंग पृष्ठभागावरच थांबतो. मार्करची शाई मात्र कडेच्या उघड्या कागदात झिरपते. ट्यूबलाइटखाली कार्ड तिरपे धरून कड पाहिली, तर हा झिरपलेला रंग बहुधा दिसतो.

भिंग

सराफ वापरतात ते दहापट भिंग पुरेसे आहे. मॅजिकच्या कार्डांसाठी तीसपट असेल तर उत्तम. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत पडतात आणि त्यांची फुलासारखी वर्तुळे तयार होतात, तर काळा मजकूर सहसा वेगळ्या प्लेटने, सलग छापलेला असतो. नकली कार्ड बहुधा अस्सल कार्ड स्कॅन करून बनवलेले असते, त्यामुळे त्यातील अक्षरेसुद्धा ठिपक्यांची बनतात आणि त्यांच्या कडा धूसर होतात. इंकजेटवर छापलेल्या कार्डात तर ठिपके वाळूसारखे विखुरलेले दिसतात. मॅजिकच्या मागील बाजूवर पाच रंगांचे लहान गोल आहेत. त्यांतील हिरव्या गोलात भिंगाखाली चार लाल ठिपके एल अक्षरासारख्या रचनेत दिसायला हवेत.

हिरव्या गोलाची ही चाचणी लोकांना फार आवडते, म्हणूनच तिच्या मर्यादेवर बोट ठेवतो. १९९३ साली मॅजिकचा 'कलेक्टर्स एडिशन' नावाचा संच निघाला. समोरची बाजू त्याच वर्षीच्या 'बीटा' या सुरुवातीच्या आवृत्तीसारखी, पण कोपरे चौकोनी आणि मागील बाजूस सोनेरी किनार. बीटातील दुर्मीळ कार्डांची किंमत पाहता काही हुशार हातांनी या संचातील कार्डाची समोरची बाजू सोलून ती एखाद्या साध्या अस्सल कार्डाच्या मागील बाजूवर चिकटवली आणि कोपरे गोल केले. अशा कार्डाची समोरची छपाई अस्सल, मागची छपाईही अस्सल, हिरव्या गोलातील चार ठिपकेही जागच्या जागी! सापडते ते फक्त कडेवर: मधल्या थराशी गोंदाची रेघ, कार्डाची वाढलेली जाडी, कोपऱ्यांची चुकीची गोलाई.

वजनकाटा आणि अतिनील दिवा

एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा सराफी काटा आता स्वस्तात मिळतो. मॅजिकचे कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरते, पण त्या आकड्याला चिकटून बसू नये. दमट हवेत वजन वाढते. म्हणून त्याच दिवशी, त्याच खोलीत, साध्या पाच कार्डांचे वजन घेऊन तुलना करावी. वर सांगितलेल्या चिकटवलेल्या कार्डात गोंदामुळे किंवा खरवडलेल्या थरामुळे फरक पडतो आणि तो येथे पकडला जाऊ शकतो.

नोटा तपासण्याचा अतिनील दिवा जुन्या कार्डांसाठी विशेष उपयोगी आहे. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चकाकी आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच प्रचारात आली. त्यामुळे युद्धापूर्वीचे म्हणून घेतलेले कार्ड अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली निळसर-पांढरे झळाळू लागले, तर कागद त्या काळचा नाही. उलट दिशेने मात्र हा निष्कर्ष काढू नये. कार्ड झळाळले नाही म्हणजे ते अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागद आजही मिळतो. पृष्ठभागावर कोठे रंग भरला असेल किंवा डाग पुसला असेल, तर ती जागा या दिव्याखाली पुष्कळदा भोवतालापेक्षा गडद किंवा फिकट उठून दिसते.

येथे थांबावे

येथपर्यंतच्या कोणत्याही तपासणीत कार्डाला इजा होत नाही. यापुढच्या घरगुती चाचण्यांत होते. कार्ड दुमडून पाहणे, कोपरा फाडून अनेक अस्सल कार्डांत असतो तो आतला काळसर थर शोधणे, पाण्याचा थेंब टाकणे हे उपाय अस्सल कार्डालाही कायमचे निकामी करतात. मधला थर कडेवरून भिंगाने दिसला तर ठीक, नाही दिसला तर सोडून द्यावा. आधीच नाकारलेल्या कार्डावरचा डाग पुसून, कोपरा दाबून किंवा कड 'सारखी करून' ते पुन्हा पाठवू नये. एन-६ चे कार्ड अशा कष्टाने एन-१ होते.

तज्ज्ञाकडे जायची वेळ केव्हा येते, हे मी असे ठरवतो. शेरा एन-४ असेल आणि वरील तपासण्यांत मला काहीच सापडले नसेल, तर माझी नजर संपली असे समजून मी कार्ड दुसऱ्या ग्रेडिंग संस्थेकडे पाठवायला सांगतो, पहिल्या नकाराचा कागद सोबत जोडून. कडेवर गोंदाची रेघ दिसल्याचा संशय असेल, तर रेघ उकरून पाहू नये. ते काम प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या माणसाचे आहे. कार्ड अस्सल पण कापलेले आहे हे मालकाने मान्य केले असेल, तर आकड्याचा हट्ट सोडून 'ऑथेंटिक अल्टर्ड' स्लॅब मागावा. दुर्मीळ कार्डाला त्या स्लॅबमध्येही ग्राहक मिळतो, आणि विकताना काही लपवावे लागत नाही. कार्डावर बुरशी, अल्बमचा गोंद किंवा पाण्याचा डाग असेल आणि ते मौल्यवान असेल, तर कागदपत्रांचे जतन करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला दाखवावे, आणि तिने केलेला उपचारही ग्रेडिंगच्या लेखी 'दुरुस्ती' ठरू शकतो हे आधीच ध्यानात घ्यावे.

पैशाचा वाद असेल, तर मात्र तपासण्या करत बसू नये. परतीची मुदत कार्ड तपासण्यात निघून गेल्याची दोन उदाहरणे आमच्याच गटात आहेत. नकाराचा कागद हाती आल्याच्या दिवशीच विक्रेत्याला लेखी कळवावे, पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि व्यवहाराची पावती जपून ठेवावी, आणि भारतातील व्यावसायिक विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

तज्ज्ञाकडे कार्ड पाठवताना मी पाकिटात चार गोष्टी घालतो: आधीच्या शेऱ्याची प्रत, तीन ठिकाणी घेतलेली मापे, चारही कडांची जवळून घेतलेली छायाचित्रे, आणि तुलनेसाठी त्याच संचातील एक साधे कार्ड. नाशिकच्या मित्राचा चारिझार्ड मात्र कोठेही गेला नाही. त्याने तो टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात) घालून त्यावर 'शिक्का नंतरचा' अशी चिठ्ठी लावली आणि शेजारी माचॅम्प ठेवला. गटात नवीन माणूस आला, की तो दोन्ही कार्डे त्याच्यासमोर ठेवतो आणि यातले खोटे कोणते ते आधी ओळखायला सांगतो.